‘रीरन’, ‘रिपीट टेलिकास्ट’ की ‘फेरप्रसारण’?

कालवाकाठ :
पुण्यातल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर मी आठवड्यातून दोन दिवस काम करते. बुधवारी संध्याकाळचा कार्यक्रम आम्ही रविवारी सकाळी ८ वाजता पुन्हा लावतो. नव्या वेळापत्रकात एका तरुण सहकाऱ्याने त्याच्यापुढे ‘रीरन’ लिहिलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खोडून ‘पुनःप्रक्षेपण’ केलं. फोन करणारे श्रोते मात्र विचारतात, “ताई, त्याचं रिपीट टेलिकास्ट कधी असतं?”

मला ‘रीरन’ नको आहे, आणि ते इंग्रजी आहे म्हणून नव्हे. त्यातला ‘रन’ पळण्याचा नाही. नाटक किंवा सिनेमा जितके दिवस चालला, तो त्याचा रन. सिनेमा उतरून पुन्हा लागला की रीरन. अमेरिकेत टीव्हीवर हा शब्द पक्का झाला तो १९५० च्या दशकात. तोवर बरेच कार्यक्रम थेट व्हायचे आणि जपायचेच झाले तर टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याचं चित्रण करायचे. ते पुसट यायचं. १९५१ साली सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका मात्र थेट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होत होती. पुढच्या वर्षी नायिका गरोदर होती, तिला विश्रांती हवी होती. तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते पुन्हा पाहिले. म्हणजे त्या शब्दामागे फिल्म आहे, थिएटर आहे. आपण तर सिनेमा ‘लागला’ म्हणतो, ‘पळाला’ म्हणत नाही.

माझा शब्द ‘फेरप्रसारण’. फेरविचार, फेरमोजणी, फेरतपासणी हे शब्द शाळेतल्या मुलालाही कळतात. मग हाच का अडावा?

रोजचीपीएमटी :
अडायचं कारण एवढंच, की तो कुणी बोलत नाही. ‘रिपीट’ हा शब्द मराठी झालेला आहे. माझी आई म्हणते, “रात्रीचा भाग चुकला, सकाळी रिपीट बघितला.” तिने त्याला लिंग दिलं, क्रियापद दिलं. टेबल आणि पेन असेच घरात आले. इंग्लंडमध्येही पुन्हा दाखवलेल्या कार्यक्रमाला ‘रिपीट’च म्हणतात, ‘रीरन’ अमेरिकेचा. त्यामुळे आपली माणसं चुकीचं इंग्रजी बोलतात असंही नाही.

‘टेलिकास्ट’ मात्र काढा. टेलिव्हिजन आणि ब्रॉडकास्ट जोडून तो १९३० च्या दशकात केलेला शब्द आहे, त्याचा रेडिओशी संबंध नाही. वेळापत्रकात नुसतं ‘रिपीट’ छापा.

विसर्ग :
आधी एक दुरुस्ती, कारण हे सगळीकडे चुकीचं छापलेलं दिसतं. ‘पुनर्प्रक्षेपण’ नव्हे, ‘पुनःप्रक्षेपण’. पुढे ज, व, म आला की पुनर्जन्म, पुनर्विवाह, पुनर्मुद्रण. पुढे प आला की विसर्ग राहतो. ‘पुनःप्रत्ययाचा आनंद’ आपण बरोबर लिहितो, मग इथेच का घसरतो?

आता मुद्दा. ‘कास्ट’ म्हणजे फेकणं, आणि ‘क्षिप्’ धातूचाही अर्थ तोच. ‘प्रक्षेपण’ हा शब्द ज्याने योजला त्याने मुळापर्यंत जाऊन योजला. उपग्रहाचंही प्रक्षेपण होतं म्हणून गोंधळ होतो, ही तक्रार मला पटत नाही, संदर्भ कळतोच. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, त्यात शेकडो हस्तलिखितं ताडून नंतर घुसलेले श्लोक बाजूला काढले. त्यांना ‘प्रक्षिप्त’ म्हणतात. तोच धातू. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘पुनःप्रक्षेपण’ हा शब्द रोज वाचला आणि कुणाला अडचण आली नाही. एवढा सांधा असलेला शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

रोजचीपीएमटी :
वाचला खरा, पण घरात बोलताना कुणाच्या तोंडी आला? आमच्याकडे तरी “रामायण परत लागलंय” असंच म्हणत होते.

भोरचा भात :
मी शेती करतो, म्हणून लिहितो. ब्रॉडकास्ट हा शब्द मूळचा शेतातला. हाताने बी चौफेर टाकून पेरायचं, ते ब्रॉडकास्ट. रेडिओवाल्यांनी तो नंतर घेतला. आमच्याकडे याला फोकणं म्हणतात. भाताचा राब भाजला की त्यावर बी फोकतो, मेथी-कोथिंबीरही बरेच जण फोकतात. पाभरीने पेरलं तर बी ओळीत पडतं, फोकलं तर वाफाभर पसरतं. रेडिओ तसाच आहे, कोणाच्या घरात पोचेल ते पेरणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे ‘प्रसारण’ मला ‘प्रक्षेपण’पेक्षा जवळचा वाटतो. फेकणं महत्त्वाचं नाही, पसरणं महत्त्वाचं.

आणि पुन्हा पेरण्याला आमचा शब्द तयारच आहे : दुबार.

विसर्ग :
‘दुबार प्रसारण’ ऐकायला छान आहे. पण दुबार पेरणी येते ती पाऊस ओढ देतो तेव्हा. पहिलं बी वाया गेलेलं असतं, दुसऱ्यांदा बियाण्याचा खर्च अंगावर पडतो. त्या शब्दात शेतकऱ्याची हानी आहे. चांगल्या कार्यक्रमाला तो लावू नये.

हाच आक्षेप ‘फेर’वरही आहे. फेरमोजणी, फेरमतदान, फेरपरीक्षा या सगळ्यांत आधीचं काहीतरी बिघडलेलं असतं. ‘फेरप्रसारण’ म्हटलं की मला वाटेल, बुधवारी वीज गेली होती.

भोरचा भात :
दुबारचं खरं आहे. २ वर्षांपूर्वी माझ्यावरच ती वेळ आली होती. मागे घेतो.

दोन रुपये तिकीट :
सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ रुळले, ‘नभोवाणी’ मात्र ‘आकाशवाणी’पुढे मागे पडला. चांगला शब्दही नाकारला जातो, तेव्हा वापरून बघितल्याशिवाय काही ठरवू नका. ताईंनी महिनाभर ‘फेरप्रसारण’ बोलून तरी पाहावं.

कालवाकाठ :
‘फेर’मध्ये बिघाडाची छटा आहे, हे मला सुचलंच नव्हतं. फेरविचारात ती नाही, असं म्हणून मी थोडा वेळ वाद घातला असता. पण फेरविचारही पहिला विचार चुकला असेल असं वाटतं तेव्हाच करतात. हा शब्द मी सोडते.

‘रिपीट’ छापायला अजून मन घेत नाही. तो बोलण्यात राहील, त्याला कुणी हटवूही शकत नाही; पण आमच्या वेळापत्रकावर बाकीचे सगळे शब्द मराठी आहेत आणि ते तसे राहावेत यासाठी मी भांडेन. रेडिओसाठी ‘प्रसारण’ हे भोरच्या दादांचं म्हणणं पटलं, आणि विसर्गही जागेवर ठेवते. तेव्हा छापील कागदावर ‘पुनःप्रसारण’.

बोलताना मात्र हा शब्दही वापरणार नाही. रोजचीपीएमटी यांच्या घरचं ते “परत लागलंय” वाचल्यावर आज संध्याकाळच्या निवेदनात बदल केला : “हा कार्यक्रम रविवारी सकाळी आठ वाजता परत लागेल.” गाणं लागतं, रेडिओ लावतात, नाटक लागतं. त्यानंतर तीन फोन आले, तिघांनीही वेळ बरोबर ऐकली होती. त्यातल्या एका आजींनी विचारलं, “परत लागेल तेव्हा ती शेवटची ओवी पूर्ण लावाल का? आज मधेच तोडलीत.”