२००८ च्या मंदीनंतरची व्याजदर कपात गावापर्यंत का पोहोचली नाही?

प्रश्न (अर्थशास्त्र शिक्षक, कळंब, जि. यवतमाळ)

अकरावीच्या वर्गात २००८ चे आर्थिक संकट शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, की रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर (म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे पैसे देते तो दर) ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला, तर त्याच्या वडिलांच्या सोसायटीच्या पीककर्जाचा दर तेवढाच का राहिला? दुसऱ्याने विचारले, की सरकारला खर्च करायचाच होता, तर कर्ज काढण्याऐवजी रिझर्व्ह बँकेकडून नोटा छापून का घेतल्या नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी, वर्धा)

सर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा ७ टक्के दर केंद्र सरकारने २००६-०७ पासून व्याज सवलत देऊन ठरवला होता, त्यामुळे रेपो चढला काय आणि उतरला काय, तो हलत नव्हता. शिवाय ज्याचे खाते थकीत आहे आणि नवे-जुने (जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलणे) होत नाही, त्याला बँक दारातच उभे करत नाही. तो सावकाराकडे जातो, आणि सावकार काही मुंबईचे पतधोरण वाचून व्याज लावत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी सरकार तदर्थ हुंड्या (गरजेनुसार काढलेली अल्पमुदतीची कर्जपत्रे) देऊन रिझर्व्ह बँकेकडून हवा तेवढा पैसा उचलत असे. ती सोय १९९७ मध्ये बंद झाली आणि वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे (कर्ज उभारण्यासाठी विकलेली कर्जपत्रे) थेट विकत घेण्यासही रिझर्व्ह बँकेला मनाई झाली. त्यामुळे २००७-०८ मधील जीडीपीच्या अडीच टक्क्यांच्या आसपासची केंद्राची वित्तीय तूट (उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च) पुढच्याच वर्षी सहा टक्क्यांच्या घरात गेली, तेव्हा ते पैसे बाजारातून कर्जरूपाने उभारावे लागले. रिझर्व्ह बँकेने बाजारातून जुने रोखे खरेदी करून बँकांकडे रोकड सोडली, म्हणजे मदत झाली, पण आडवाटेने. गंमत अशी, की २००९ च्या बऱ्याच काळात बँकाच दररोज लाख कोटींहून अधिक रक्कम ३.२५ टक्के रिव्हर्स रेपोने (बँकांनी ठेवलेल्या पैशावर रिझर्व्ह बँक देते त्या व्याजाने) परत रिझर्व्ह बँकेत ठेवत होत्या. कर्ज घेणारा विश्वासाचा वाटत नसेल, तर स्वस्त पैसा तिजोरीतून तिजोरीतच फिरतो.

उत्तर २ (कापूस उत्पादक, हिंगणघाट)

साहेबांचे म्हणणे पटते, पण गावात पैसा आलाच नाही असे कोणी समजू नये. २००८-०९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २,०३० वरून ३,००० रुपये क्विंटल झाला होता. मंदीने जगभर भाव पडले आणि व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि चुकारे सरकारी खरेदीतूनच मिळाले. तो पैसा रेपो दराचा नव्हे, सरकारच्या तुटीतल्या खर्चाचा होता. त्यातूनच किराणा दुकानाची उधारी फिटली.

केंद्राच्या शेतकरी कर्जमाफीचे मात्र वेगळे. ती संकटाच्या आधी, फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. दोन हेक्टरची अट असल्याने, कोरडवाहू जमीन जरा जास्त असलेल्या आमच्यासारख्यांना पूर्ण माफी नव्हती. उरलेली रक्कम भरली तर २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जास्त असेल तेवढी सूट, एवढेच. आणि माफीची रक्कम सरकारने बँकांना टप्प्याटप्प्याने दिली, शेतकऱ्याच्या हाती रोख काही आले नाही.

उत्तर ३ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही आभार. मग पुढची महागाई या तुटीमुळेच आली, असे विद्यार्थ्यांना सांगावे का?

उत्तर ४ (निवृत्त बँक अधिकारी, वर्धा)

एकट्या तुटीमुळे असे सांगू नये. २००९ चा पाऊस दगा देऊन गेला आणि अन्नधान्य महागले, हे कारण तुटीपेक्षा आधी सांगावे लागेल. पण मंदी ओसरू लागल्यावरही सरकारचा खर्च लगेच आवरला गेला नाही, हेही खरे. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेने दर १३ वेळा वाढवून रेपो ८.५ टक्क्यांवर नेला. त्या काळात ट्रॅक्टरसाठी कर्ज घेणाऱ्याला वाढीव व्याज ताबडतोब लागले. कपात पोहोचायला जो वेळ लागतो, तो वाढीला लागत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.