फियाट ११०० डिलाइट (१९६८) : काचा मुळासारख्या करून घ्यायच्यात, कशा घ्याव्यात?

कोथरूडची_फियाट
मंडळी, वडिलांची ६८ची डिलाइट रिस्टोअर करतोय, पत्राकाम आणि इंजिन होत आलंय, आता काचांवर गाडं अडलंय. पुढच्या डाव्या दाराला मधल्या काळात कुणीतरी हिरवट काच बसवलीय, ती बाकीच्या पांढऱ्या काचांशेजारी लगेच डोळ्यात येते. दर्शनी काचेला खालच्या कोपऱ्यात आतून दुधी डाग धरलेत. नाना पेठेत एकाने टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) दर्शनी काच दाखवली, लगेच मिळतीय आणि स्वस्तही आहे, लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) हवी तर थांबावं लागेल म्हणाला. शिवाय जुन्या काचांवर कोपऱ्यात कंपनीचा छाप आहे तो नव्यावर हवाय, कारण पुढे व्हीए नंबर (विंटेज गाड्यांचा खास नोंदणी क्रमांक) घ्यायचा विचार आहे.

जुनं_ते_सोनं_पुणे
थांबावं लागलं तरी चालेल, पुढे लॅमिनेटेडच लावा. दुधी डाग म्हणजे दोन काचांमधला प्लास्टिकचा थर कडेने सुटायला लागलाय, म्हणजे तुमची आत्ताची काच लॅमिनेटेडच आहे, मग टफन लावून उलट मागे कशाला जायचं? खंबाटकीत समोरच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला तर लॅमिनेटेडला तडा जाईल पण समोरचं दिसत राहील, टफन असेल तर अख्ख्या काचेची क्षणात जाळी होते आणि रस्ताच दिसत नाही. दर्शनी काच लॅमिनेटेडच हवी हा नियम आपल्याकडे १९८९च्या मोटार वाहन नियमांनंतर आला, तोही पुढे बनणाऱ्या गाड्यांसाठी, त्यामुळे तुमच्या गाडीला सक्ती नाही. पण घरची माणसं बसणार आहेत ना त्यात.

आणि काचेआधी रबर नवीन घ्या, जुनं कडक झालेलं रबर कोपऱ्यात पाणी धरून ठेवतं आणि तेच काचेच्या कडेत शिरतं. बसवताना रबर काचेला चढवायचं, आतल्या खाचेत जाड सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकाने तळहाताने दाबत राहायचं आणि आतून दुसऱ्याने सुतळी हळूहळू ओढायची, तसा रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप चढतो. स्क्रूड्रायव्हर घातला की काच कडेला तडकलीच समजा.

भोसरी_टफनिंग
दाराच्या काचेचं काम सोपं आहे, ती सपाट आहे. उजव्या दाराची मूळ काच काढून फर्मा म्हणून द्या (उलटी करून बाह्यरेषा घेतात), मापं टेपने घेऊन सांगू नका. जाडी व्हर्नियरने बघा, कारण पातळ काच फेल्टच्या चॅनलमध्ये (काच ज्या मऊ अस्तराच्या खाचेतून वर-खाली सरकते ती) खडखड करते आणि जाड असली तर हँडल फिरवताना अडकते. कापणं, कडा घासणं, भोक असेल तर ते, सगळं टफन करायच्या आधी होतं. भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार करतात, त्यानंतर कडेला ग्राइंडर लावला तर काचेचा चुरा हातात येतो. छापही सँडब्लास्ट करायचा तर भट्टीच्या आधीच.

काच हातात आल्यावर पोलराइज्ड गॉगल घालून सकाळच्या आकाशाकडे धरा, गडद ठिपके किंवा पट्टे दिसले तर ती टफन आहे. काही दिसलं नाही तर पैसे द्यायच्या आधी विचारा, साधीच काच गळ्यात मारणारे भेटतात.

पेठेतला_मेकॅनिक
छापाबद्दल माझं मत. काच कंपनीचं नाव मुळाबरहुकूम उमटवलं तर ठीक, आवडीचा भाग आहे. पण आयएसआयची खूण कुठल्याही लोकल काचेवर कोरून घेऊ नका, ती तपासणीची आणि लायसन्सची खूण आहे, उद्या गाडी दुसऱ्याकडे गेली तर तो त्यावर विश्वास ठेवून बसेल.

रंगासाठी नवी-जुनी काच शेजारी शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून उन्हात बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळं सारखंच दिसतं. जुन्या काचेत तिरकं बघितल्यावर प्रतिबिंब थोडं लहरत असेल तर ती ओढून काढलेली शीट काच आहे, आता सगळीकडे फ्लोट काच मिळते, तिच्यात ती लहर येणार नाही. ती हवीच असेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारत राहा, एखाद्या मोडीतल्या पद्मिनी गाडीचं दार मिळालं तर काच जुळते का बघा.

कोथरूडची_फियाट
खूप आभार सगळ्यांचे. दर्शनी काच लॅमिनेटेड मागवतो, छापात फक्त कंपनीचं नाव. दाराचं फेल्ट चॅनल जुनंच आहे, तेही बदलू का?

भोसरी_टफनिंग
बदला, आणि काच करायला द्यायच्या आधी बदला. जाडी नव्या चॅनलमध्ये जुनी काच सरकवूनच ठरवा.