मदत हवी आहे: एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये रीकोड केल्यावर (आकड्यांना गटाचे कोड दिल्यावर) अडीच एकराच्या आतला शेतकरी थेट 'मोठ्या' गटात!

केळीबाग
राम राम मंडळी. पीएचडीसाठी रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या केळी-कापूसवाल्यांचा सर्वे केलाय. जमिनीवरून कृषी गणनेतले पाच गट पाडायचेत: १ हेक्टरच्या आत अत्यल्प, १ ते २ अल्प, २ ते ४ अर्ध-मध्यम, ४ ते १० मध्यम, १० आणि वर मोठे.

आपल्याकडं कोणी हेक्टरात बोलत नाही, म्हणून एकर आणि गुंठे असे दोन कॉलम घेतले. मग कंप्यूटमध्ये हेक्टर = (एकर + गुंठे/४०) × ०.४०४७. त्यानंतर 'रीकोड इनटू डिफरंट व्हेरिएबल्स'मध्ये हे नियम दिले (थ्रू म्हणजे 'पासून-पर्यंत', = नंतर गटाचा कोड):

० थ्रू ०.९९ = १
१ थ्रू १.९९ = २
२ थ्रू ३.९९ = ३
४ थ्रू ९.९९ = ४
ऑल अदर व्हॅल्यूज = ५

एरर काहीच नाही, सगळं बिनबोभाट चालतं. पण आउटपुटात 'मोठे' हा गट नको तेवढा फुगलाय. प्रत्यक्षात माझ्याकडं दहा हेक्टरवरचे बोटांवर मोजण्याइतके आहेत. यादी चाळली तर त्या गटात सावद्याकडचे एक काका निघाले, जमीन २ एकर १८ गुंठे. हेक्टरच्या कॉलमात ०.९९ दिसतंय, म्हणजे पहिल्याच नियमात बसायला हवे ना? दुसरे एक ९ एकर ३५ गुंठेवाले, त्यांचे ४.०० दिसतात, तेही पाचात. ज्यांनी जमीन सांगितलीच नाही तेसुद्धा पाचात! गाइड सर बघून म्हणाले, "बठ्ठा मोठा व्हई ग्यात का?" (सगळे मोठे झाले का?) आता काय उत्तर देऊ?

पांझराकाठ
ताई, व्हेरिएबल व्ह्यूमध्ये जाऊन हेक्टरसमोरचे डेसिमल्स २ वरून ६ करा आणि काकांचा आकडा परत बघा. २ एकर १८ गुंठे म्हणजे २.४५ एकर, गुणिले ०.४०४७ म्हणजे ०.९९१५. हा ०.९९ पेक्षा मोठा आणि १ पेक्षा लहान. तुमचा पहिला नियम ०.९९ वर संपतो, दुसरा १ वर सुरू होतो. मधल्या फटीत काका पडले, आणि खाली 'ऑल अदर व्हॅल्यूज' बसलेलंच आहे, त्यानं उचलून पाचात टाकलं.

९ एकर ३५ गुंठ्यांचं गणितही तेच. खरा आकडा ३.९९६४. स्क्रीनवर दोनच दशांश दिसतात म्हणून ४.०० वाटतो. डेसिमल्सचा कॉलम फक्त दाखवण्यापुरता असतो, साठवलेला आकडा बदलत नाही.

गिरणाई
मग सोपं आहे की. रीकोडच्या आधी हेक्टर दोन दशांशांपर्यंत राउंड करून टाका, फट राहणारच नाही.

पांझराकाठ
नको. ३.९९६४ चे ४.०० केले की तो माणूस अर्ध-मध्यममधून मध्यममध्ये जातो. एका हेक्टरात साधारण ९८.८४ गुंठे, म्हणजे ९८ गुंठेवाला अत्यल्प आणि ९९ वाला अल्प. इतक्या जवळच्या सीमेवर राउंड करणं म्हणजे आपणच लोकांची जमीन वाढवणं. आकडे आहेत तसे राहू द्या, नियम बदला.

केळीबाग
फटीचं पटलं, ६ डेसिमल्सवर तसंच दिसलं. पण फटीतले लोक काही फार नाहीत. एवढा गट फुगला कशानं? आणि जमीन न सांगणारे मोठे कसे?

पांझराकाठ
'ऑल अदर व्हॅल्यूज' म्हणजे सिंटॅक्समधलं (लिहून दिलेल्या आज्ञांमधलं) एल्स. त्यात सिस्टिम मिसिंगही येतं, म्हणजे रिकामे सगळे पाचात. न सांगणाऱ्यांना रिकामं सोडलंय की ९९९ टाकलंय? ९९९ असेल आणि मिसिंग म्हणून नोंदवलं नसेल तर ९९९ एकराचे ४०४ हेक्टर होतील, आणि ते एल्स काढूनही मोठेच राहतील.

अजून एक. ज्यांनी "सरळ पाच एकर" सांगितलं, त्यांच्या गुंठ्यांच्या कॉलमात ० आहे की रिकामं?

केळीबाग
९९९ कुठंच नाही, रिकामं सोडलंय. आणि पूर्ण एकरवाल्यांचे गुंठेही रिकामेच... 😳

पांझराकाठ
हं, मग फुगवटा तिथला. अधिकच्या चिन्हात एक बाजू मिसिंग असली की उत्तर मिसिंग. ५ एकर + रिकामं = रिकामं. आणि आपल्याकडं निम्मे लोक तर पूर्ण एकरातच सांगतात! एकर भरलेलं आणि गुंठे रिकामे असतील तिथं गुंठे ० करा आणि हेक्टर परत काढा. एकरच रिकामं असेल तिथं मात्र हात लावू नका. आणि हो, नमुन्यात भूमिहीन आहेत का?

केळीबाग
आहेत. काही जण बटाईनं करतात, स्वतःची जमीन शून्य.

पांझराकाठ
मग त्यांना वेगळा कोड द्या, नाहीतर अत्यल्पभूधारक म्हणून मोजले जातील. नियम असे लिहा:

(०=०) (१० थ्रू हायेस्ट=५) (४ थ्रू १०=४) (२ थ्रू ४=३) (१ थ्रू २=२) (० थ्रू १=१)

थ्रूमध्ये दोन्ही टोकं धरली जातात, पण जो नियम आधी लागू होतो तोच चालतो. म्हणून वरून खाली यायचं. बरोबर ४ हेक्टरवाला 'मध्यम'मध्ये जातो, खालच्या नियमापर्यंत पोचतच नाही. एल्स लिहूच नका. नव्या व्हेरिएबलमध्ये रीकोड करताना जे कुठंच बसत नाही ते आपोआप मिसिंग राहतं.

डायलॉग बॉक्समधून करणार असाल तर तो यादी आपल्या पद्धतीनं लावतो: आधी सुटे आकडे, मग मिसिंग, मग रेंज, शेवटी बाकीचे. म्हणून ओके न दाबता पेस्ट दाबा, म्हणजे सिंटॅक्स समोर येईल, क्रम डोळ्यांनी बघा, मगच रन करा.

भुसावळ_जंक्शन
आर आणि स्टाटा ही दुसरी सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. आरमध्ये: कट फंक्शन मुळात उजवं टोक धरतं, म्हणजे बरोबर १ हेक्टरवाला खालच्या गटात जातो. इथं राइट इक्वल टू फॉल्स द्यावं लागेल. स्टाटात तर मिसिंग हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरतात. "१० किंवा जास्त" एवढीच अट दिली की रिकामे सगळे जमीनदार.

केळीबाग
झालं! गुंठे ० केले, वरचे नियम लावले. मीन्समधून प्रत्येक गटाचा किमान आणि कमाल हेक्टर काढून बघितला, कुठंही सीमा ओलांडलेली नाही. सावद्याचे काका अत्यल्पमध्ये, मोठे खरोखर थोडेच. सगळ्यांचे आभार 🙏

पण आता ठिबक आणि जमीनगट यांचा काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी चाचणी) केला तर टेबलाखाली टीप येतेय की काही सेल्सची अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आहे. हे चालेल का?

गिरणाई
मोठे थोडेच आहेत म्हटल्यावर ती टीप येणारच. मध्यम आणि मोठे मिळून 'चार हेक्टर आणि वर' असा एक गट करा. प्रबंधात गट का जोडले ते एका वाक्यात लिहा, व्हायव्हाला हमखास विचारतात. भूमिहीनांना ठिबकच्या टेबलात घ्यायचं की नाही तेही गाइड सरांशी ठरवून घ्या. फक्त जोडणी नव्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये करा, पाच गटांचा तसाच ठेवा. वारंवारतेचं टेबल त्याच्यावरूनच द्यायचंय.