बुक्सहाइमचा सेंट क्रिस्टोफर (१४२३): चेहऱ्यावरचा भाव कसा वाचायचा?

प्रश्न: मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयातलं हे काष्ठठशाचं, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशावरून छापलेलं चित्र अभ्यासतेय; ते जर्मनीतल्या बुक्सहाइमच्या मठात सापडलं. बाल येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा ख्रिस्ती संत क्रिस्टोफर मला निर्विकार वाटतो. भाव शोधायचा कुठे?

उत्तर १: अंगात शोधा. ठशात रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढतात. रेघ फार बारीक ठेवली की तुटते, म्हणून डोळे-ओठ मोजक्या रेघांत उरकतात. बाळाकडे वळलेली मान आणि काठीचा आधार पाहा, ओझं तिथे जाणवतं. काठीला पालवी फुटलीय. क्रिस्टोफरच्या दंतकथेत ती नदी पार झाल्यावर फुटते. एकाच चित्रात दोन वेगळे क्षण!

उत्तर २: खालचा लॅटिन मजकूर सोडू नका. ज्या दिवशी क्रिस्टोफरचं मुख पाहाल, त्या दिवशी वाईट मरण येणार नाही, असं त्यात म्हटलंय. वाईट म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याआधीच, अचानक आलेलं. हा चेहरा रोजच्या दर्शनासाठी आहे. काठावरचा कंदीलधारी संन्यासी वाट दाखवतो.

उत्तर ३: रंगावरून भाव ठरवू नका. रंग छपाईनंतर हातानं भरलेत, ते रेघेबाहेरही जातात. आधी फक्त काळी रेघ वाचा.