जुन्या पिकअपचा सेल्फ: भरून (दुरुस्त करून) घ्यायचा की नवा टाकायचा?

गोदाकाठ
परवा इथं एका भाऊंनी लिहिलं, ‘जुन्या डिझेल पिकअपचा सेल्फ दुरुस्त करत बसणं म्हणजे शुद्ध कंजूषपणा. गिअर रिडक्शनवाला नवा टाका आणि विषय संपवा.’ वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, आणि गिअर रिडक्शनवाला म्हणजे आत गिअर असलेली छोटी मोटर.

माझी बोलेरो पिकअप जुन्या २५२३ सीसी डीआय इंजिनाची. आमच्या निफाडात थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि द्राक्षाची गाडी पहाटेच काढायची असते. तरी मी मूळचा जड सेल्फच ठेवलाय, कारण त्याचं सगळं सुटं मिळतं. कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजले, बदला. बुश सैल होऊन आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) आत घासायला लागलं, नवे बुश ठोका. सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) तांब्याचे कॉन्टॅक्ट जळाले, तेही मिळतात. बेंडिक्स (इंजिनाच्या दातांत अडकून ते फिरवणारा भाग) नुसतं गरगरतंय आणि इंजिन उचलत नाही, तर फक्त बेंडिक्स टाका. तालुक्यातला कुठलाही वायरमन दुपारपर्यंत करून देतो. नव्या मोटरचा आतला गिअर गेला की आमच्याकडचा दुकानदार सुटा भाग देत नाही, अख्खी मोटर घ्या म्हणतो. कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याचा भाग, ज्यावर कार्बन घासतात) लेथवर घासून घासून संपला असेल किंवा पुढचं तोंड तडकलं असेल, तरच जुना टाकून द्यावा.

घाटवाट
तो भाऊ मीच, आणि शब्द मागे घेत नाही. माझी टाटा २०७ डीआय, जवळजवळ तीन लिटरचं इंजिन, पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला किराणा. डिझेलला स्पार्क प्लग नसतो हो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेट घ्यायचा, तर इंजिन भराभर फिरलंच पाहिजे. सावकाश फिरलं की नुसता पांढरा धूर. गिअरवाल्यात मोटर छोटी असते, जास्त वेगानं फिरते आणि गिअरमुळं जोर वाढतो. करंट कमी ओढते, वजनालाही हलकी. जुना सेल्फ दर पावसाळ्यानंतर खोलावा लागायचा, तो त्रास संपला. तुमच्या दुपारपर्यंतच्या कामात माझं भाडं बुडतं, ते कोण देणार?

मिरजेचा वायरमन
दोघंही भांडा, पण आधी मीटर लावा. ‘सेल्फ गेला’ म्हणून माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा सेल्फ ठणठणीत असतो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासा. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी सेल्फच्या अंगावर धरून सेल्फ मारायला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग (करंट बॅटरीकडं परत जाण्याची वाट) खराब. इंजिन ते चासी जाणारी पट्टी गंजलेली असते, ती कुणी बघत नाही. अशा गाडीला नवा सेल्फ लावला तरी तोही रखडत फिरणार, तापणार आणि जळणार.

आणि घ्यायचाच तर सीसी सांगून घेऊ नका. जुन्या मोटरच्या अंगावरच्या माहितीपट्टीवरचा नंबर द्या. पिनियनचे (बेंडिक्सवरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात, फिरण्याची दिशा, बोल्टची भोकं, तिन्ही जुळली पाहिजेत. दातांत चूक झाली की फ्लायव्हीलची रिंग (इंजिनाच्या मोठ्या चाकावरचे दात) खाल्ली जाते, आणि रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

माळरान
नंबर जुळवून काय उपयोग? खोकं नामांकित, आत माल डुप्लिकेट. माझ्या गळ्यात असा एक बांधला गेलाय, फील्ड कॉइल (मोटरच्या अंगातली स्थिर तारेची गुंडाळी) तांब्याच्या ऐवजी ॲल्युमिनियमची निघाली. तेव्हापासून मी बाजार समितीत रांगेत असताना गाडी बंदच करत नाही. ना सेल्फ मारायचा, ना कटकट.

कांदापट्टी
अशाच लोकांमुळं लासलगावच्या रांगेत तोंडाला रुमाल बांधून बसावं लागतं! तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल नुसतं उभं राहून जळतं. त्या पैशात सेल्फ आला असता. माझ्या आईला दमा आहे, ती माल घेऊन सोबत येते. तुमच्या धुराड्यामागं ती कशी बसते ते बघायला या एकदा.

माळरान
आई काढू नका मध्ये. लिलाव पुढं सरकला आणि माझी गाडी उठली नाही, तर मागचे शिव्या देतात, धक्का मारायला कुणी येत नाही.

कांदापट्टी
मग उतारावर लावा. वडिलांनी जन्मभर तेच केलं.

माळरान
उतारावर लावलेली गाडी हँडब्रेक सुटून खाली आली आणि आमच्या मदतनीस पोराचा पाय चेचला. आजही तो लंगडतो. ‘उतारावर लावा’ हे मला कुणी शिकवू नये.

गोदाकाठ
माळरान, पोराचं वाचून वाईट वाटलं. पण म्हणूनच म्हणतो, ऐनवेळी अडला तर जुन्या सेल्फच्या अंगावर पान्याचा हलका ठोका द्या, अडकलेले कार्बन बसतात, गाडी उठते.

घाटवाट
हा ठोका मारण्याचा सल्ला बंद करा! बऱ्याच नव्या मोटरांत फील्ड कॉइल नसते, आत मॅग्नेट चिकटवलेले असतात. ठोक्यानं तडकतात. माझ्या हेल्परनं मारला आणि मोटर गेली.

मिरजेचा वायरमन
बरोबर. मॅग्नेटवाल्याला ठोका मारायचा नाही. जुन्याला चालतं, पण त्यावर रोज गाडी काढू नका, कार्बन बदला. आणि सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मिनिटभर थंड होऊ द्या.

गोदाकाठ
म्हणजे तुमच्या नव्याला ठोकाही सोसत नाही, आणि कंजूष मी?

घाटवाट
कंजूष शब्द जास्त झाला, तेवढं मान्य. आडगावात जिथं वायरमन आहे आणि दुकान नाही, तिथं जुना ठेवा. पण घाटात रात्री अडकणाऱ्यानं तुमचं ऐकू नये, यावर ठाम आहे.

गोदाकाठ
भाड्यानं घाट करणाऱ्यानं नवा घ्यावा, हे मीही नाइलाजानं मान्य करतो. मात्र जुना दुकानदाराला परत देऊ नका, भरून सीटमागं टाकून ठेवा.

मिरजेचा वायरमन
माळरान, तो ॲल्युमिनियमवाला अजून गाडीवर असेल तर नंबरच्या पट्टीचा फोटो टाका, पिनियनचे दातही मोजा. आणि अर्थिंगचं माप सेल्फ मारत असतानाच घ्या, नुसत्या चालू इंजिनावर काही कळत नाही.