आजोबांच्या डब्यातले चारमिनारचे रुपये: विकण्याआधी खरी किंमत कशी काढायची?

अंबडची लेक

नमस्कार. आजोबांच्या पितळी डब्यात ४३ नाणी निघाली. २९ रुपये चारमिनारचे, ९ इंग्रजी रुपये (काहींवर व्हिक्टोरिया, काहींवर जॉर्ज), ४ तांब्याची लहान नाणी आणि १ पिवळं नाणं, तेही चारमिनारचंच, गळ्यात घालायला कडी लावलेलं. वडील, दोन काका आणि आत्या अशा चौघांत वाटणी करायची आहे. गावातले सराफ सगळी एकत्र चांदीच्या भावात घ्यायला तयार आहेत. दुसरीकडे, एका ॲपवर फोटो टाकल्यावर फोन आला की यातलं एक नाणं तीन लाखांना जाईल, पण आधी नोंदणी फी भरा.

चारमिनारच्या नाण्यावरचं साल कसं वाचायचं? चांदीपेक्षा जास्त किंमत कशाला मिळते? कडी काढून, नाणी उजळून घ्यावीत का? जाणकारांनी सांगावं.

---

हाली सिक्का

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथलं नुकसान भरून येत नाही. नाणी घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ब्रासो, टूथपेस्ट, सोडा, काहीही नको. जुन्या चांदीवर जो करडा-निळसर थर बसतो तो संग्राहकाला हवा असतो. घासलेल्या नाण्यावर भिंगातून केसासारखे बारीक ओरखडे दिसतात आणि घेणारा तिथेच भाव पाडतो. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि सुती कापडावर ठेवून वाळू द्या. पुसू नका. धरतानाही कडेनेच धरा. बोटाचा घाम लागला की काही महिन्यांत ठसा उमटतो.

कडी काढायचीही नाही. ती डाक लावून, म्हणजे धातू वितळवून जोडून, बसवलेली असते. काढताना आच लागते आणि कडेवर डाग राहतो. कडी असलेलं नाणं संग्रहाच्या बाजारात खालच्या दर्जाचं धरलं जातं, आणि काढल्यावर ते वर चढत नाही.

आता चारमिनार. हा हैदराबाद संस्थानचा हाली सिक्का. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांत हे रुपये हमखास निघतात. म्हणजेच नुसता चारमिनार असणं ही दुर्मिळता नाही. किंमत ठरते ती साल, अक्षर, प्रकार आणि अवस्था यांवर.

भिंग घ्या, १० पटीचं पुरतं. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे ते बघा. गोल डोकं आणि खाली शेपटी असेल तर ते मीम, म्हणजे सहावे निजाम मीर महबूब अली खान (१९११ पर्यंत). आरशातल्या ३ सारखं दिसत असेल तर ऐन, म्हणजे सातवे निजाम मीर उस्मान अली खान. उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन अर्धवट आहे, नंतरच्यांवर पूर्ण. अर्धवट ऐन दिसलं तर ते नाणं बाजूला काढून ठेवा. मीमची नाणीही वेगळी ठेवा. २९ मधून अशी पाच-सहा निघाली तर वाटणीचा हिशोबच बदलतो.

---

मोडी आणि फारसी

साल वाचायचं सांगतो. नाण्यावर दोन आकडे सापडतील: चार आकडी हिजरी साल आणि दुसऱ्या बाजूला एक-दोन आकडी राज्यवर्ष, म्हणजे जुलूसचं साल. शब्द उजवीकडून डावीकडे वाचायचे असले तरी आकडे आपल्यासारखे डावीकडूनच वाचायचे.

१ म्हणजे उभी रेघ. २ आणि ३ मध्ये फरक फक्त एका दाताचा, त्यामुळे झिजलेल्या नाण्यावर ३ चा २ होतो. ७ म्हणजे वर उघडा कोन, ८ म्हणजे खाली उघडा कोन. नाणं उलटं धरलं की ७ चा ८ होतो, म्हणून आधी चारमिनार सरळ उभा करा. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाच गोल असतो. बहुतेक जण ५ ला शून्य वाचतात आणि खरा शून्य त्यांना दिसतच नाही.

हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, जवळपास इसवी साल येतं. १३३० घ्या: १२९० अधिक ६२२, म्हणजे १९१२. घरातल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवायचे असतात. तोच हिशोब नाण्याला लावला तर साल चुकतं.

चारमिनारच्या बाजूला ९२ हा आकडाही असतो. ते साल नव्हे, ‘मुहम्मद’ या नावाची अक्षरमूल्यं मिळवून येणारी संख्या आहे. ॲपवर लोक ‘९२ सालचं नाणं’ म्हणून विकायला ठेवतात ते यामुळेच.

दोन आकड्यांचा मेळ जरूर तपासा. उस्मान अली गादीवर आले हिजरी १३२९ मध्ये, वर्षाच्या नवव्या महिन्यात. म्हणून १३३७ च्या नाण्यावर राज्यवर्ष ८ किंवा ९ असायला हवं. १३३७ बरोबर ४ वाचलं जात असेल, तर आधी आपलं वाचन पुन्हा तपासा आणि तरीही तेच आलं तर फोटो इथे टाका.

---

टंच

वजन आणि धातूचं मी सांगतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी.

हाली रुपया: ११.१८ ग्रॅम, ८१.८ टंच (म्हणजे शंभरात ८१.८ भाग चांदी). शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. शेवटच्या काही वर्षांच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आणली होती, ते वेगळे काढा.

इंग्रजी रुपया, १९३९ पर्यंतचा: ११.६६ ग्रॅम (बरोबर एक तोळा), ९१.७ टंच. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम.

इंग्रजी रुपया, १९४० ते १९४५: वजन तेच, पण चांदी ५० टंच. शुद्ध ५.८३ ग्रॅम.

१९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो. त्यात चांदी अजिबात नाही.

हिशोबापुरती चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली, तर ही किंमत अनुक्रमे ९१४, १०६९ आणि ५८३ रुपये होते. विकायच्या दिवशीचा भाव घालून हाच गुणाकार करा. ही तुमची तळाची किंमत. सगळी नाणी एकत्र काट्यावर टाकून एकच टंच धरला तर कुणाचं तरी नुकसान होतं, बहुतेकदा विकणाऱ्याचं. सराफ वितळवायची तूट धरणार, ते रास्त आहे. पण किती तूट आणि कोणता टंच, हे आधी विचारा. आणि नाणं कसोटीवर घासू देऊ नका, कडेवर कायमची पांढरी रेघ पडते.

झिजलेला रुपया ०.१ ते ०.२ ग्रॅम कमी भरतो, ते चालतं. १० ग्रॅमच्या खाली आला तर शंका घ्या.

धातू घरी तपासायचा तर पाण्याची रीत. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. चांगला हाली रुपया १.१० ग्रॅमच्या आसपास दाखवतो, भागाकार १०.२ येतो. तांबे-निकेलचं बनावट १.२६ च्या आसपास, भागाकार ८.९. बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो, म्हणून तीनदा मोजा.

पिवळ्या नाण्यावर हीच रीत आधी करा. निजामाची सोन्याची अशरफीही ११.१८ ग्रॅमचीच होती, ९१ टंच. तिचा भागाकार १७ ते १८ येतो. १० आला तर चांदीवर सोन्याचा मुलामा आहे.

हॉलमार्क केंद्रात एक्स-रे मशीनवरही तपासून मिळतं, नाण्याला इजा होत नाही. फक्त ते मशीन वरचा थरच वाचतं. मुलामा दिलेल्या नाण्यावर ते सोनं दाखवेल. पाण्याची रीत आणि मशीन दोन्ही जुळले तरच धरा.

---

अंबडची लेक

सगळ्यांचे आभार. काल मोजमाप केलं. चारमिनारच्या २९ पैकी २७ नाणी ११.०२ ते ११.१७ मध्ये बसतात. एक १०.९१. एक मात्र ९.७४ आहे, आणि त्याच्या कडेवर गोल फिरलेली बारीक रेघ दिसते. कमानीत मीम असलेली ४ निघाली. पिवळं नाणं कडीसकट ११.४२, पाण्यात १.१३. इंग्रजीत एक १९३९ चा रुपया आहे! बाकी व्हिक्टोरियाचे दोन १८६२ चे.

---

टंच

११.४२ भागिले १.१३ म्हणजे १०.१. ताई, ते चांदीचंच आहे, वर मुलामा. मागच्या बाजूला मधोमध ‘यक रुपया’ असं फारसीत दिसेल, म्हणजे खात्रीच. आत्याबाईंना ते आठवण म्हणून हवं असेल तर देऊन टाका. विकून चांदीपुरतेच पैसे येतील.

९.७४ वालं ओतीव बनावट दिसतंय. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे कडेवर अशी रेघ राहते. अक्षरांच्या कोपऱ्यांत बारीक खड्डे आहेत का बघा, ते हवेच्या बुडबुड्यांचे असतात. खरं नाणं ठशानं पाडलेलं असतं, त्याच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. ते वाटणीत धरू नका.

---

हाली सिक्का

१९३९ चा रुपया ऐकून थांबलो. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत हे साल खरोखर दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याचीच सगळ्यात जास्त नक्कल होते. १९३८ चा रुपया घेऊन ८ चा ९ केलेला असतो. भिंग घेऊन शेवटचा ९ आधीच्या ९ शी ताडून बघा. शेपटीची जाडी, डोक्याचं भोक, उंची. त्याच्या आजूबाजूची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बाकी नाण्यापेक्षा जास्त चकचकीत किंवा किंचित खोल असेल, तर तिथे हत्यार चाललं आहे. तिरप्या उजेडात फिरवून बघा, सरळ उजेडात हे लपतं. सगळं ठीक वाटलं तरी स्वतःच्या नजरेवर विकू नका. हे एक नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांकडून तपासून सीलबंद करून घेण्याचा खर्च योग्य आहे. बाकी ४२ वर तो खर्च करू नका, सामान्य रुपयाच्या किमतीपेक्षा तपासणीचा खर्चच जड होतो.

१८६२ चे दोन: हे साल पुढे १८७३ पर्यंत छापलं जात राहिलं, आणि खरं वर्ष ठिपक्यांनी दाखवलं जायचं. तारखेखालचे आणि नक्षीतले ठिपके मोजा. साधा प्रकार मुबलक आहे, काही ठिपक्यांचे प्रकार महाग जातात. ठिपके मोजून जुन्या लिलावांच्या यादीत तोच प्रकार शोधा.

अवस्थेचं बघायचं तर सर्वांत उंच भाग आधी झिजतो. व्हिक्टोरियावर कानावरचे केस आणि मुकुटातले मणी, चारमिनारवर मिनारांची टोकं आणि कमानीची रेघ. मिनारावरचे मजले वेगवेगळे मोजता आले तर नाणं चांगलं आहे.

---

गोदाकाठ

किंमत काढताना ‘विकायला ठेवलेला भाव’ बघू नका. ॲपवर कुणीही पाच लाख लिहितं. झालेल्या विक्रीचे आकडे बघा. मुंबईचे तोडीवाला, बेंगळुरूचे मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी यांचे लिलाव झाले की कोणता लॉट कितीला गेला ते बघता येतं. तुमचं साल, तीच टांकसाळ, तीच अवस्था असे निदान चार निकाल काढा. सर्वांत वरचा सोडा, मधले धरा. विकणाऱ्याच्या हातात बोलीची रक्कम वजा कमिशन येते, म्हणून कमिशन, फोटोचा खर्च, न विकल्यास परतीचा खर्च हे सगळं लिहून घ्या. व्यापाऱ्याला थेट दिलं तर त्याहून कमी मिळेल, पण पैसे लगेच.

तीन लाखवाल्याला एक रुपयाही पाठवू नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवणूक करत आहेत, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. ती असल्या व्यवहारात पडतच नाही. खरा घेणारा विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. राम-हनुमानाची ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी आणि तांदूळ ओढणारं नाणं, म्हणजे राईस पुलर, हेही त्याच जातीचं. कंपनीने तसलं नाणं कधी पाडलंच नाही.

कायद्याचं थोडक्यात. १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येतं, ते परदेशातल्या ग्राहकाला पाठवता येत नाही. डब्यात वारशाने आलेलं वेगळं आणि वाड्याची भिंत पाडताना किंवा शेतात सापडलेलं वेगळं. जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पक्की पावती घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, दंड घेणाऱ्यालाच होतो. भांडवली नफ्याच्या कराचं सीएला विचारा, १ एप्रिल २००१ ची बाजार किंमत धरता येते का ते खास विचारा.

---

अंबडची लेक

१९३९ चा तिरप्या उजेडात पाहिला. शेवटच्या ९ च्या आत एक बारीक उभा ओरखडा आहे आणि शेपटी आधीच्या ९ पेक्षा जाड. मन जरा खट्टू झालं, पण आता कळलं तरी. वाटणीसाठी काय करू? चौघांना सारखं कसं द्यायचं?

---

हाली सिक्का

शेपटी जाड असेल तर बहुधा १९३८ चाच आहे. तरी कुणा जुन्या व्यापाऱ्याला प्रत्यक्ष दाखवून घ्या, फक्त फोटोवर निकाल नको.

वाटणीसाठी प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर क्रमांक, वजन, साल, अक्षर लिहा, आणि तीच यादी वहीत उतरवून चौघांची सही घ्या. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती चिकट होतात आणि नाण्यावर हिरवा थर चढतो. मीमची चार एकेकाला एक अशी द्या. साधे हाली रुपये २४ राहतात, सहा-सहा येतील. इंग्रजी रुपये चांदीच्या वजनाने वाटा, संख्येने नको, कारण १९४० नंतरचा रुपया चांदीत आधीच्याच्या जवळपास निम्माच आहे. तांब्याच्या चारपैकी कशावर देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ दिसतंय का ते मात्र वाटणीआधी सांगा. शिवराई असेल तर तिचे दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या उजेडात काढून टाका, काट्यावर ठेवलेलाही एक.