फॅमिली ग्रुप: कंपनी बुडाली, दिवे चालू आहेत

सप्टेंबर २०२१

वहिनी (रीडिंग, इंग्लंड): आमची वीज-गॅसची कंपनी बुडाली. सकाळी मेल आलाय, "आम्ही व्यवसाय थांबवत आहोत." बास, दोन ओळी.

सुमाआत्या (पुणे): अगं बाई! मग अंधारात बसलायत का? पितृपक्षातच कसं सगळं होतं बघ.

वहिनी: नाही हो आत्या, सगळं चालू आहे. आत्ताच चहा टाकलाय.

नानाकाका (सांगली): सुमा, उगीच घाबरू नकोस. आमच्या मंडळाचे २००५ साली तुकडे केले ते आठव. महानिर्मितीनं वीज बनवायची, महापारेषणनं वाहून न्यायची, महावितरणनं घरात द्यायची. इंग्लंडात त्या शेवटच्या तुकड्याचेही दोन केलेत. तारा आणि पाइप एकाचे, बिल दुसऱ्याचं. बिलवाला बुडाला म्हणून तार तुटत नाही.

पप्पू (बोरिवली): बरोबर काका. आमच्या समोरच्या विंगमध्ये काहींना टाटाचं बिल येतं, तार मात्र अदानीची.

सुमाआत्या: ते तारांचं ठीक आहे रे. पैसे किती अडकले ते सांगा. आमच्या सहकारी बँकेत पण "काळजी करू नका" असंच म्हणाले होते. अजून चपला झिजवतोय.

दादा (रीडिंग): आत्या, २१२ पौंड जमा आहेत. इथं दर महिन्याला सारखा हप्ता कापतात, उन्हाळ्यात जास्तीचे साठतात आणि थंडीत वापरले जातात. ते पैसे बुडत नाहीत. ऑफजेम म्हणून नियामक आहे, आपल्या वीज नियामक आयोगासारखा. तो काही दिवसांत दुसरी कंपनी नेमतो, ग्राहक आपोआप तिच्याकडे जातात आणि घरगुती ग्राहकांची जमा रक्कमही तिकडे वळते. आम्ही एकटे नाही. या एका महिन्यात अव्रोचे पाच लाख ऐंशी हजार ग्राहक ऑक्टोपसकडे गेले, पीपल्स एनर्जीचे ब्रिटिश गॅसकडे, युटिलिटी पॉइंटचे ईडीएफकडे.

सुमाआत्या: हातात पडले की सांग.

छोटी (लेस्टर): दादा, मग आजच दुसरी चांगली कंपनी बघून टाक ना. वाट कशाला बघायची?

दादा: तेच करायचं नाही. मध्येच उडी मारली तर जमा रकमेचा हिशोब रेंगाळतो. ऑफजेम स्पष्ट सांगतंय, मीटरचं रीडिंग घ्या, फोटो काढा आणि नवी कंपनी संपर्क करेपर्यंत थांबा. डायरेक्ट डेबिटही आताच बंद करायचा नाही, नवीन खातं लागू दे आधी.

वहिनी: फोटो काढलेत. गॅसचं मीटर जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर आणि फराळाच्या डब्यांच्या मागे. तुमचा भाचा टॉर्च धरून आत शिरला होता. ८४१७, लाल रंगातले आकडे सोडून. विजेचंही घेतलंय. आजचं वर्तमानपत्र शेजारी धरलंय म्हणजे तारखेवरून वाद नको.

नानाकाका: शाबास. मंडळात असतीस तर बढती मिळाली असती.

छोटी: मग नुकसान काहीच नाही?

वहिनी: आहे ना. आमचा फिक्स टॅरिफ, म्हणजे ठरलेल्या दराचा करार, गेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वीज युनिटला १४ पेन्सनी आणि गॅस २.७ नी मिळणार होता. नवी कंपनी जुना करार पाळत नाही, ऑफजेमनं ठरवलेल्या कमाल दरानं घेते. १ ऑक्टोबरपासून तो वीज साधारण २१, गॅस ४. महिन्याचे ७५ पौंड होते ते शंभराच्या वर जाणार. कंपनी बुडाली याचं मला काही वाटत नाही, तो दर गेला याचं वाटतंय.

नानाकाका: पण बुडाल्या कशा इतक्या एकदम?

वहिनी: मेस चालवणाऱ्या बाईंनी वर्षभर ठरलेल्या दरात डबे द्यायचं कबूल करायचं, तेलाचा एकही डबा भरून ठेवायचा नाही, आणि तेल दुप्पट व्हायचं. तसं झालं.

सुमाआत्या: तेल तर इथंही भडकलंय. पंधरा किलोच्या डब्याकडे बघवत नाही.

दादा: गेला हिवाळा लांबला, युरोपातले गॅसचे साठे उतरले, आशियातून मागणी वाढली, रशियानं जादा गॅस सोडला नाही. इंग्लंडनं तर आपला सगळ्यात मोठा साठा, रफ नावाचा, २०१७ मध्येच बंद करून टाकलाय. त्यात वारा पडला, पवनचक्क्या मंद. आणि १५ सप्टेंबरला केंटमध्ये फ्रान्सहून वीज आणणाऱ्या केबलच्या स्टेशनला आग लागली. मोठ्या कंपन्या पुढचा माल आधीच घेऊन ठेवतात. लहान कंपन्या रोजच्या बाजारावर जगत होत्या, आणि त्यातल्या काही आमच्यासारख्यांच्या जमा हप्त्यांवर.

नानाकाका: म्हणजे ग्राहकाच्या ठेवीवर धंदा. चालायचंच.

नोव्हेंबर २०२१

सुमाआत्या: पैसे आले का रे?

दादा: नव्या खात्यात २१२ दिसायला लागले आज. पण पहिल्या बिलात गोंधळ. सुरुवातीचं गॅस रीडिंग त्यांनी अंदाजानं ८२९० धरलंय.

नानाकाका: थांब, करतो हिशोब. फरक १२७ घनमीटर. एका घनमीटरचे किती युनिट धरतात तिथं?

दादा: साधारण ११.१. बिलाच्या मागे सूत्र असतं.

नानाकाका: म्हणजे १४१० युनिट. हा गॅस तुम्ही २.७ च्या दरात जाळलाय आणि ते ४ नी लावणार. १.३ चा फरक, जवळजवळ १८ पौंड. अठराशे रुपये! फोटो पाठव त्यांना लगेच.

वहिनी: पाठवलाय. फोनवर पाऊण तास गाणं ऐकलं आणि मग त्या मुलीनं कबूल केलं. वर्तमानपत्र कामाला आलं.

छोटी: माझं वेगळंच आहे. माझ्या फ्लॅटला चावीचं मीटर. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, चावीत दहा पौंड भरायचे, मीटरमध्ये खुपसायची. काल दहा भरले आणि आठच दिसले. दोन कुठे गेले?

दादा: स्टँडिंग चार्ज.

नानाकाका: आपल्या बिलात स्थिर आकार असतो ना, तोच. तू वापर किंवा वापरू नको.

छोटी: पण मी कॉन्फरन्सला बाहेर होते, मीटर रिकामं होतं!

दादा: तेव्हाही चढत राहतो आणि पुढच्या टॉप-अपमधून आधी तो कापून घेतो. म्हणून उन्हाळ्यात हीटिंग बंद असलं तरी गॅसच्या कार्डात थोडं थोडं टाकत जा. नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्या थंड रात्री टाकलेले पैसे उष्णतेला नाही, जुन्या थकबाकीला जातील. आणि तुझी कंपनी बुडालीच तर तीच चावी वापरत राहायची, नवी कंपनी नवीन चावी पाठवेपर्यंत.

पप्पू: म्हणजे गरिबाच्या मीटरला जास्त त्रास.

दादा: दरही किंचित जास्त. कमाल दरानं सरासरी घराचा वर्षाचा आकडा हप्तेवाल्यांना १२७७ पौंड, चावीवाल्यांना १३०९.

छोटी: सध्या खोलीत एक पंख्याचा हीटर लावते फक्त. बॉयलर बंद. बचत.

वहिनी: अगं वेडे, ती बचत नाही. गॅसचा युनिट ४, विजेचा २१. तो हीटर दोन किलोवॉटचा असेल तर तासाला ४२ पेन्स. एकाच छोट्या खोलीत तासभर बसायचं असेल तर ठीक. संध्याकाळभर लावणार असशील तर रेडिएटरच परवडेल, बाकीच्या खोल्यांतले बंद कर.

सुमाआत्या: आणि स्वेटर घाल. व्हिडिओ कॉलवर नेहमी अर्ध्या बाह्यांत दिसतेस.

दादा: आज बल्ब नावाच्या कंपनीचंही तेच झालं. सतरा लाख ग्राहक. एवढं ओझं घ्यायला कुणी तयार नाही म्हणून सरकारी पैशावर प्रशासक नेमून चालवणार आहेत.

मार्च २०२२

वहिनी: उद्यापासून वीज २८, गॅस ७. सगळ्यांनी आज रात्री रीडिंग द्या म्हणून ओरडतायत, तर कंपन्यांच्या साइटच झोपल्यात. अख्खा देश एकाच दिवशी कपाटात शिरलाय.

नानाकाका: फोटो काढून ठेव, उद्या भर. तारीख असली की झालं.

वहिनी: काढला. शनिवारी पाडवा, पुरणपोळीचा बेत होता. दादा म्हणतोय बारा माणसं बोलावलीत. बोलावलीत तर बोलावलीत, पुरण कुकरमध्ये शिजेल, त्याला किती गॅस लागतो? स्वयंपाकाचा गॅस बिलात दिसतही नाही. खातं ते हीटिंग आणि गरम पाणी. लोक चहाच्या किटलीत पाणी मोजून टाकतायत आणि बॉयलर ऐंशी डिग्रीवर ठेवतायत.

छोटी: बॉयलरला डिग्री कुठे असते? मला थर्मोस्टॅटच माहीत.

वहिनी: भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोलीचा. बॉयलरवर दोन बटणं असतात, एकावर नळाचं चित्र, एकावर रेडिएटरचं. रेडिएटरचं आमचं ७५ वर होतं, ६० वर आणलं. घर गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण होतं. परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं तरच त्या बॉयलरमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता वापरली जाते, नाहीतर ती बाहेरच्या पाइपमधून निघून जाते. पाण्याची वेगळी टाकी असलेल्यांनी मात्र टाकीचं पाणी ६० च्या खाली उतरवू नये, त्यात जंतू वाढतात. आमचं कॉम्बी आहे, टाकी नाही.

नानाकाका: हे कुणी सांगितलं?

वहिनी: बॉयलरचं पुस्तक. घर घेतल्यापासून ड्रॉवरमध्ये पडलं होतं.

दादा: वर्षाचा आकडा १२७७ वरून १९७१ झाला.

सुमाआत्या: म्हणजे १९७१ च्या वर बिल येणार नाही ना? तेवढं तरी बरं.

दादा: नाही आत्या, इथल्या लोकांचाही तोच गैरसमज आहे. मर्यादा युनिटच्या दराला आहे, बिलाला नाही. तो आकडा सरासरी घराचा. तू जास्त जाळलंस तर जास्त येणार.

जून २०२२

नानाकाका: वाचलंस का रे? तिथल्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आलाय. बुडालेल्या कंपन्यांचे ग्राहक दुसरीकडे हलवायचा खर्च २.७ अब्ज पौंड, घरटी ९४ पौंड, सगळ्यांच्या बिलातून. आणि यात बल्ब धरलेलीच नाही.

वहिनी: म्हणजे आमचे २१२ पौंड आम्हालाच परत द्यायला आमच्याकडूनच घेतले? म्हणूनच विजेचा स्टँडिंग चार्ज एप्रिलमध्ये एवढा उडाला! मी म्हणत होते, वापर कमी करून बिल का उतरत नाही.

नानाकाका: आपल्याकडे इंधन समायोजन आकार म्हणून वेगळी ओळ तरी छापतात. शिव्या कुठे घालायच्या ते कळतं.

पप्पू: मालक लोकांचं काय झालं काका?

नानाकाका: कंपनी मर्यादित असते. आपण अमर्यादित.

ऑक्टोबर २०२२

सुमाआत्या: (फॉरवर्ड केलेला संदेश) इंग्लंड सरकार प्रत्येक घराला ४०० पौंड देत आहे. त्वरित अर्ज करण्यासाठी खालील लिंकवर बँक तपशील भरा. आपल्या मुलांना पाठवा.
बघा रे, कामाचं दिसतंय.

दादा: आत्या, लिंक उघडू नकोस आणि पुढेही पाठवू नकोस. ४०० पौंड खरे आहेत, अर्ज खोटा. आपोआप मिळतात, सहा हप्त्यांत. या आणि पुढच्या महिन्यात ६६, मग मार्चपर्यंत ६७. आमच्या हप्त्यातून वळते झालेसुद्धा.

सुमाआत्या: बाई गं. योगाच्या ग्रुपवर टाकलं मी. काढते.

छोटी: मला काही वळते झाले नाहीत.

दादा: चावीच्या मीटरवाल्यांना पोस्टानं व्हाउचर येतं. आलेली पत्रं बघ, जाहिरातीसारखं दिसतं. हजारो लोकांनी तसंच कचऱ्यात टाकलंय. नव्वद दिवसांत वटवायला लागतं.

छोटी: थांब.

छोटी: पिझ्झाच्या पत्रकांखाली होतं!

वहिनी: ओळखपत्र आणि चावी दोन्ही घेऊन पोस्टात जा, नाहीतर दोन फेऱ्या.

नानाकाका: आणि छोटे, मीटरचा फोटो. वीज आता ३४ झालीय म्हणे?

छोटी: हो काका, गॅस १०.३. सरकारनं तिथे धरून ठेवलाय. नाहीतर सरासरी घराला ३५४९ होणार होते, आता २५००.

सुमाआत्या: २५०० च्या वर येणार नाही ना मग?

दादा: आत्या!!

छोटी: पोस्टात जाऊन आले. ६६ भरले, मीटरनं ५९ दाखवले. स्टँडिंग चार्ज. उन्हाळ्याचा.

दादा: गॅसच्या कार्डात टाकत जा म्हटलं होतं.

छोटी: हे विजेचंच आहे, सुट्टीत सांगलीला आले होते तेव्हाचं. काकांकडून वसूल करते.

नानाकाका: पुढच्या महिन्याचं व्हाउचर कधी येतं ते बघ आधी.